मांजराची गुंतवळ

मार्च १९९६, दुसरा रविवार, सकाळी सव्वासात. वाशी, पहिला मजला, आमच्या दाराच्या आतली बाजू.

हजर: सासूबाई, हे, मी, मांजर. थोड्या वेळाने समोरच्या दारातल्या भाभी. गैरहजर: मुलगी (पुणे, होस्टेल, परीक्षा जवळ).

वहीतली त्या दिवसाची नोंद इथेच थांबते, कारण पुढचं लिहायला मला कुणी बसू दिलं नाही. आज तीन वर्षांनी ती पूर्ण करते आहे. वही ठेवणं हे घरातलं माझं काम. गॅसचा सिलिंडर कधी लावला, पाण्याची टाकी कधी धुतली, कुणाला ताप आला आणि किती, सगळं तारखेनिशी. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मंगलाष्टकं चालू होती आणि ही अंतरपाटाआड अक्षता मोजत होती." साफ खोटं. मी पंगतीची पानं मोजत होते, तीही आईने सांगितलं होतं म्हणून.

तर सव्वासात वाजता सासूबाई दुधाची पिशवी घ्यायला दाराशी गेल्या आणि ओरडल्या, "कुणी हात लावू नका!"

उंबऱ्याच्या आत, दोन फरश्यांच्या सांध्यावर, बोटभर लांबीचं काहीतरी पडलं होतं. करड्या केसांची सुरळी. ओलसर, दोन्ही टोकांना निमुळती. आणि तिच्यातून बाहेर आलेला लाल दोरा.

"ही माझी गुंतवळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "वर दोरा बांधलाय मेलीने."

गुंतवळ म्हणजे काय हे माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. बॉबकटवाल्या मुलींसाठी सांगते. केस विंचरून झाले की फणीत अडकलेले केस काढायचे, बोटाभोवती गुंडाळायचे, त्याची अंगठीएवढी गुंडाळी होते, ती गुंतवळ. ती इकडेतिकडे टाकायची नसते. कुणाच्या हाती लागली की तो तिच्यावर करणी करतो, असं सासूबाईंच्या कोकणातल्या माहेरी पक्कं ठरलेलं होतं. त्या आपली गुंतवळ बाल्कनीतल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायच्या. डबा भरला की हे तो वाहत्या पाण्यात रिकामा करून यायचे.

"आई, तुझ्यावर करणी करून कुणाला काय मिळणार आहे?" हे दात घासता घासता म्हणाले.

"म्हणजे मी एवढी टाकाऊ झाले?"

हे चूळ भरायला गेले. सासूबाईंनी देव्हाऱ्यातली पितळी वाटी आणली, त्या प्रकारावर उपडी घातली, भोवती मीठ-मोहरी टाकली आणि गुन्हेगाराचं नाव जाहीर केलं. तिसऱ्या मजल्यावरची. आदल्याच आठवड्यात गच्चीवर पापड कुणी कुठल्या कोपऱ्यात वाळत घालायचे यावरून दोघींचं जोरात वाजलं होतं. "ती म्हणालीच होती, बघून घेईन म्हणून. बघितलंन."

"ती 'ऊन बघून घालीन' म्हणाली होती," मी म्हटलं. मी तिथे होते.

"तू तिची बाजू घे."

मग त्यांच्या छातीत धडधडू लागलं, आणि त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. चहा नको म्हणाल्या. मी वही उघडून लिहिलं: सासूबाई, चहा नाही. त्याच्याच वर आदल्या दिवसाची ओळ होती: मांजर, दूध नाही, मासळी नाही. दोन ओळी एकाखाली एक, माझ्याच अक्षरात. मी पेनाचं टोपण लावलं आणि कांदे चिरायला घेतले.

या मांजराविषयी थोडं सांगायला हवं. मुलीने ते भाजी मार्केटच्या मागून पुठ्ठ्याच्या खोक्यातून उचलून आणलं होतं. करडं, लांब केसांचं, शेपटी धूळ झटकायच्या फडक्यासारखी. घरात प्रत्येकाने त्याला वेगळं नाव ठेवलं आणि ते एकालाही ओ देईना, म्हणून वहीत मी नुसतं 'मांजर' लिहायची. मुलगी पुण्याला गेल्यावर त्याने झोपण्यासाठी सासूबाईंचे पाय निवडले. सासूबाईंचं जाहीर मत होतं की त्यांना मांजर आवडत नाही. फक्त रविवारी बांगडा तळला की त्यातल्या पाठीच्या तुकड्यातले काटे त्या बोटांनी चाचपून चाचपून काढायच्या, आणि तो तुकडा कुणाच्याही ताटात यायचा नाही.

आठ वाजता समोरच्या भाभी रविवारची पुरवणी मागायला आल्या. आम्ही दोघी एकमेकींना भाभीच म्हणत असू, त्यामुळे जिन्यात कुणी "भाभी" अशी हाक मारली की दोन्ही दारं उघडायची. त्यांचं माहेर श्रीवर्धनकडचं, नवऱ्याचा मार्केटमध्ये सुक्या मेव्याचा व्यापार.

"वाटी खाली का? झुरळ पकडलं काय?" असं म्हणत त्यांनी ती उचललीसुद्धा.

आतून सासूबाईंची किंकाळी आली. "भाभी, ठेवा ती! तुमच्यावर जाईल!"

भाभींनी केसातली पिन काढली, खाली बसल्या आणि त्या सुरळीला टोचून बघू लागल्या. मी त्यांना हळू आवाजात प्रकरण सांगितलं. त्यांनी ओढणी तोंडावर धरली, पण खांदे हलताना दिसत होते. मग त्या आत गेल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"आजी, ते तुमचे केस नाय. बिल्लीचे आहेत."

"मांजर कशाला करणी करेल?"

"करणी नाय ओ, ओकारी! बिल्ली दिवसभर अंग चाटते ना, तिची जीभ कशी खरखरीत असते, खवणीसारखी. त्यात केस अडकतात, मग गिळायलाच लागतात. थोडे खालून जातात. राहिले ते पोटात जमतात आणि एक दिवस असे वरून बाहेर. नळीतून दाबून येतात म्हणून लांबट दिसतात. अम्मीकडे पाच बिल्ल्या होत्या, उन्हाळा लागला की केस गळतात, मग रोज कुठेतरी असलं पडलेलं."

सासूबाई उठून बसल्या. "मग माझ्या केसांसारखे कसे दिसतात?"

"रंग एकच आहे आजी. तुमचा नि तिचा."

बाहेर यांचा ठसका ऐकू आला. सासूबाईंनी तिकडे दुर्लक्ष केलं. केस त्यांचे नाहीत हे त्यांना पटत आलं होतं, पण एका तासाचं मरण असं फुकट घालवायचंही जिवावर आलं होतं.

"आणि दोरा? तोही मांजराला फुटतो का?"

आता भाभींचंही हसू थांबलं. "हां, दोरा कुठला?"

सासूबाईंची नजर देव्हाऱ्याकडे गेली. फुलपुडी सोडली की तिचा दोरा त्या टाकत नसत. "लागतो कशाला तरी," म्हणून त्याचा गुंडा करत. त्यात मिठाईच्या खोक्याचे दोरे, त्यातच कधीतरी राख्यांचे. चांगला संत्र्याएवढा गुंडा होता. देव्हाऱ्याखालच्या स्टुलावर तो नव्हता. पलंगाखाली होता, अर्धा उलगडलेला. आणि त्याच्या पलीकडे कोपऱ्यात मांजर बसलं होतं. पाठीची कमान करून मान पुढे काढून ते उबळ देत होतं, पुन्हा पुन्हा, आणि बाहेर काहीच येत नव्हतं. नुसती लाळ.

ह्यांनी त्याला अलगद ओढून बाहेर काढलं. एरवी ते बोचकारायचं. त्या दिवशी फडक्यासारखं हातात आलं. "अरे, हे बघ, मागून दोऱ्याचं टोक आलंय! ओढू का?"

"हात लावू नका!" भाभी इतक्या जोरात ओरडल्या की यांनी दोन्ही हात वर केले. "आत कुठे अडकलाय ते माहीत नाय. ओढलं तर आतडी गोळा होतात, कापली जातात. माझ्या भावाने ओढला होता एकदा."

पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

"परकराचा नाडा ओढल्यावर चुण्या पडतात तशी," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या.

आणि त्या पलंगावरून उतरल्या. धडधड नाही, घेरी नाही. "मला काही झालेलं नाही. रिक्षा आण. आणि अगं, तू उभी काय राहिलीस, भाजीची झाकणवाली बास्केट घे, खाली माझा पंचा घाल. जुना नको, मऊ तो." वाटीखालची सुरळी त्यांनी स्वतःच्या हाताने कागदात बांधून घेतली. तासापूर्वी तिला बघून ज्या मरायला टेकल्या होत्या, त्याच.

जनावरांचा दवाखाना दोन सेक्टर पलीकडे होता आणि रविवारी दुपारपर्यंत उघडा असायचा. तिथे सगळी कुत्री. एक अल्सेशियन बास्केटकडे बघून गुरगुरला, तेव्हा सासूबाईंनी त्याच्या मालकाला "आधी तुमचा नंबर असला तरी आमचं अर्जंट आहे" असं ठणकावलं, आणि आम्ही आत गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "आधी ओकलंय का? साधारण किती दिवसांनी?"

हा माझा क्षण होता. मी वही उघडली. जानेवारीत एकदा. फेब्रुवारीत तीनदा. मार्चच्या दहा दिवसांत चारदा, आजचं धरून. मी वाचत गेले तसा माझाच आवाज बारीक होत गेला.

डॉक्टरांनी वही स्वतःकडे वळवून बघितली. "मॅडम, हे तुम्ही 'फरशी पुसली' या मथळ्याखाली लिहिलंय."

"पुसावी लागायची ना," मी म्हटलं.

"एवढं छान लिहून ठेवलंत. मग वाचलं का नाही?"

हे बाजूला उभे होते. डॉक्टरांचं वाक्य ते तेव्हापासून महिन्यातून दोनदा वापरतात.

डॉक्टरांनी मांजराचं तोंड उघडून जिभेखाली बॅटरी मारली. दोऱ्याचा फास बहुधा तिथे बसतो, म्हणाले. तिथे नव्हता. मग बोटांनी पोट चाचपलं. लोंबणारं टोक कात्रीने आखूड केलं, ओढलं नाही. हे सगळं करता करता ते बोलत होते, आणि मी या वेळी योग्य मथळा घालून लिहीत होते. केसांचा गोळा अधूनमधून पडला तर घाबरायचं कारण नाही. पण तो वरचेवर पडू लागला तर काहीतरी बिघडलंय. एक तर मांजर नेहमीपेक्षा जास्त चाटतंय, नाहीतर पोटातून पुढे काही सरकत नाहीये. आणि जेवण बंद, शी बंद, कोरड्या उबळी, हे तिन्ही एकदम दिसलं तर संध्याकाळची वाट बघायची नाही.

"पण जास्त का चाटेल?" मी विचारलं.

त्यांनी मानेवरचे केस बोटांनी फाकवले. मुळाशी मिरपुडीसारखे काळे कण होते. "पिसवा. खाज सुटते, चाटतं, केस पोटात जातात."

"आमच्या घरात पिसवा?" सासूबाई उसळल्या. "आम्ही रोज दोनदा फरशी पुसतो!"

"ते दिसलं वहीत," डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी एरंडेल पाजावं का असं सुचवलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. जबरदस्तीने तेल घातलं तर ते फुफ्फुसात उतरतं, मग दोरा राहील बाजूला. पोट साफ होण्याचं औषध काय आणि किती द्यायचं ते मी सांगेन, डॉक्टर म्हणाले, घरचं काही नको. आता सलाईन लावतो, उद्या दुपारपर्यंत इथेच ठेवतो. दोरा आपोआप उतरला तर ठीक. नाही उतरला तर पोट उघडावं लागेल, त्याला खाडीपलीकडे मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि त्याबद्दल मी आत्ता काही सांगू शकत नाही.



"दोरा माझा आहे," सासूबाई म्हणाल्या. जणू चोरी कबूल करत होत्या.

घरी आल्यावर मी स्वयंपाक केला, आणि बांगडा फ्रीजमध्येच राहू दिला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे मुलीचा एसटीडी बूथवरून फोन आला. सासूबाई एरवी फोनच्या जवळ फिरकत नाहीत, त्या दिवशी पहिल्या घंटीला त्यांनी उचलला.

"आजी, तू? बरं, मांजर काय करतंय?"

"झोपलंय," त्या म्हणाल्या. "तू अभ्यास कर." आणि माझ्या हातात रिसीव्हर देऊन बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या. मी पिसवा, हवा, परीक्षा असं काहीबाही बोलले. पिसवा कशा निघाल्या हे मुलीने विचारलं नाही, नशीब.

सोमवारी सकाळी हे फुलं आणायला निघाले तेव्हा सासूबाई दारापर्यंत आल्या. "सुटी आण. कागदात. दोरा बांधला तर घेऊ नको." फुलवाल्याने पंचवीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नसावं. हे म्हणाले, तो विचारत होता, घरी काही झालंय का?

दुपारी तीनला दवाखान्यातून फोन आला. "आला दोरा. केसांसकट. हातभर आहे. दूधही प्यायलं. बघायचाय दोरा?"

"नको, नको," हे म्हणाले.

"बघायचाय," मागून सासूबाई म्हणाल्या.

आम्ही गेलो. डॉक्टरांनी ट्रेमध्ये तो धुऊन ठेवला होता. सासूबाईंनी चष्मा लावून वाकून बघितलं, मंडईत मेथी पारखतात तसं. "राखीचाच," त्या म्हणाल्या. मग मांजराकडे वळून, "तुला दुसरं काही मिळालं नाही गं खायला?" आणि पंच्याच्या कोपऱ्याने चष्मा पुसला. पंचा ओला होता, त्यामुळे चष्मा आणखी धूसर झाला.

पुढचं सगळं यादीप्रमाणे. पिसवांची पावडर, पांघरुणं उन्हात, फुलपुडीचा दोरा आणलाच तर बारीक कापून झाकणाच्या डब्यात. गुंडा सासूबाईंनी स्वतः बाहेर नेऊन टाकला आणि दोन दिवस घरात कुणाला कुठलाच दोरा सापडेना, बटण लावायचाही नाही. मांजराला रोज विंचरायचं होतं. मी फ्रीजच्या दारावर पाळ्यांचा तक्ता लावला: सोम-बुध-शुक्र-रवि मी, मंगळ-गुरु-शनि हे. माझ्या दोन पाळ्या झाल्या. यांची एक झाली, तीत यांनाच जास्त ओरखडे पडले. मग तक्ता तसाच राहिला आणि काम सासूबाईंकडे गेलं. दुपारी जेवणं झाल्यावर बाल्कनीत आधी त्या आपले केस विंचरतात, मग पाठ वळवून बसलेल्या मांजराचे. फणी वेगळी आहे, लिखांची, बारीक दातांची. दर तीन-चार दिवसांनी भाभी डोकावून विचारतात, "आजी, पार्लर चालू?"

गोळे पडायचे पूर्ण थांबले नाहीत. त्या उन्हाळ्यात दोन, पावसाळ्यात एक. आता मी ते 'मांजर' या मथळ्याखाली लिहिते आणि महिन्याच्या शेवटी वाचतेसुद्धा. हे सही करतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आपण एक तास चेटकीण होतो हे आजही माहीत नाही. त्या वर्षी सासूबाईंनी गच्चीवरचा उन्हाचा कोपरा त्यांना आपणहून सोडला. बाई जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई एवढ्या गोड कशा झाल्या हो? आमच्यावर काही करणी-बिरणी तर नाही ना केली?"

राहिलं एकच काम. मांजराचे फणीत आलेले केस सासूबाई बोटाभोवती गुंडाळतात, अंगठीएवढी गुंडाळी करतात आणि आपल्याच डब्यात ठेवतात. मी एकदा सांगून बघितलं की हे केराच्या बादलीत टाकायला हरकत नाही.

"आणि उद्या कुणी मांजरावर काही केलं तर?" त्या म्हणाल्या.

डबा केव्हाच भरला. दोन्ही करड्या गुंतवळी त्यात अशा मिसळल्या आहेत की कुठली कुणाची ते आता त्यांनाही सांगता येत नाही. झाकण बसत नाही म्हणून वर पितळी वाटी उपडी ठेवली आहे. वहीत दर महिन्याला नव्या पानावर मी ती ओळ पुन्हा उतरवते: डबा खाडीवर नेऊन रिकामा करणे, यांच्याकडे. हे म्हणतात, येत्या रविवारी.